मुलं आहेत, जाईल कुठं?



गेल्या पर्युषणात संवत्सरीच्या प्रतिक्रमणाला बसले होते. वर्षभराच्या चुका एकेक आठवत होत्या. पण एक जुनी चूक अशी होती, की ती आठवली की मी घाईघाईने पुढच्या चुकीकडे वळायचे. आज ती आधी लिहून टाकते, कारण या लेखाचा विषय तिच्यातूनच निघाला आहे.

सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. दोन-अडीच वर्षांपूर्वी तो फार वाढला. डॉक्टर म्हणाले, घराजवळ कबुतरांची घाण आणि पिसं अजिबात नकोत, बाल्कनीला जाळी लावून घ्या. जाळीवाला भर दुपारी आला. एसीच्या डब्यामागे डोकावून म्हणाला, "ताई, इथे घरटं आहे. दोन अंडी आहेत. काय करू?"

मी म्हटलं, "तुम्ही बघा काय ते." आणि स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावला.

परत आले तेव्हा जागा स्वच्छ होती, जाळी ताणून बसली होती. संध्याकाळी दिवा लावताना बघितलं, तर एक कबुतर जाळीबाहेरच्या कठड्यावर बसलं होतं. तोंड एसीच्या डब्याकडे. अंधार पडेपर्यंत बसलं. दुसऱ्या दिवशीही आलं.

अंडं घातलेला केक माझ्या उंबऱ्याच्या आत येत नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघितल्याशिवाय मी बिस्किटसुद्धा घेत नाही. आणि त्या दिवशी दोन अंडी माझ्या घरातून, माझ्या शब्दावर गेली. करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्हींनी कर्म बांधलं जातं हे लहानपणापासून पाठ आहे. मी मात्र "करवणं" मिक्सरच्या आवाजात बुडवून टाकलं.

ही गोष्ट मी सर्वांत आधी सांगितली ती माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला. ती बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. अलिबागकडचे हे लोक पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना "शनिवार तेली" म्हणत. तिचं घर पुण्यात रास्ता पेठेत होतं. त्यांचा शनिवार आणि आमच्या अष्टमी-चतुर्दशी, यावरून आमची मधल्या सुट्टीत डबा बदलताना रोज गंमत चालायची. लग्नानंतर ती इस्राएलला गेली, पण फोनवर अजून तेच मराठी बोलते.

माझं ऐकून ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे तर घरट्यावरून आईला उठवण्याची एक आज्ञाच आहे." आणि तिने मला "शिलुआख हाकेन" समजावून सांगितलं.

ज्यूंच्या तोरा या धर्मग्रंथात ६१३ आज्ञा मोजतात. त्यांतली ही एक. मराठी बायबलमध्ये ज्या पुस्तकाला "अनुवाद" म्हणतात, त्याच्या २२व्या अध्यायात ती आहे. आज्ञेचा अर्थ असा: वाटेत झाडावर किंवा जमिनीवर पक्ष्याचं घरटं दिसलं, त्यात पिल्लं किंवा अंडी असली आणि आई त्यांवर बसलेली असली, तर आईला पिल्लांसकट धरू नकोस. आईला आधी जाऊ दे, मग पिल्लं घे. असं केलंस तर तुझं भलं होईल आणि तुला दीर्घायुष्य मिळेल.

खरं सांगते, ऐकून मला राग आला. ही कसली दया? आईला हाकलायचं आणि लेकरं उचलायची! सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "शेवटी अंडी नेलीच ना? मग आईला सोडलं काय, न सोडलं काय!" आपल्यापैकी बहुतेक जणींना हेच वाटेल.

पण अनेकांत मानणाऱ्या घरातली मी, एका बाजूनं बघून निकाल द्यायला मन घेईना. मैत्रिणीला विचारत गेले, जमेल तेवढं वाचत गेले. आणि मला दिसलं, की गेली दोन हजार वर्षं त्यांचे धर्मपंडितही याच प्रश्नावर वाद घालत आहेत.

आधी नियम सांगते, कारण त्यांत फार बारकावा आहे. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या "मिश्ना" या त्यांच्या ग्रंथात या आज्ञेवर एक पूर्ण प्रकरण आहे. ही आज्ञा रानातल्या मोकळ्या पक्ष्यांसाठी आहे, घरी पाळलेल्या कोंबडीसाठी नाही. त्यांच्या धर्मानं खायला चालणाऱ्या पक्ष्यांसाठीच आहे. कबूतर आणि पारवा त्यांत येतात. पिल्लांना उडता येऊ लागलं असेल किंवा अंडी नासलेली असतील तर आज्ञा लागू नाही. नर बसला असेल तरी लागू नाही, आईच हवी. आई नुसती वर घिरट्या घालत असेल तर तिचे पंख घरट्याला लागतात की नाही, हेही बघायचं. आणि तिला सोडल्यावर ती परत आली तर पुन्हा सोडायचं. चार वेळा आली, पाच वेळा आली, तरी प्रत्येक वेळी.

हे शेवटचं वाचून मी थांबले. ती परत येणार, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं तर. कठड्यावर बसलेलं ते कबूतर डोळ्यांपुढे आलं. कबुतरांत नर-मादी दोघं आळीपाळीनं अंडी उबवतात. दुपारी साधारण नर असतो, संध्याकाळपासून सकाळपर्यंत मादी. म्हणून आज ही आज्ञा पाळणारे ज्यू बहुधा संध्याकाळनंतर किंवा पहाटे घरट्याकडे जातात. माझा जाळीवाला भर दुपारी आला होता. म्हणजे त्यानं उडवला तो बहुधा बाप. आई संध्याकाळी आपल्या पाळीला आली, तेव्हा मधे जाळी होती.

आता या आज्ञेमागचं कारण काय? बाराव्या शतकात मायमोनिडीस नावाचे मोठे ज्यू विद्वान होऊन गेले. ते इजिप्तमध्ये वैद्यकी करत, १२०४ साली वारले. ते म्हणतात, लेकराबद्दलची माया बुद्धीतून येत नाही, त्यामुळे त्या दुःखात माणसाची आई आणि जनावराची आई यांत फरक नाही. पुढे ते एक व्यवहाराची गोष्ट सांगतात. उबवलेली अंडी आणि कोवळी पिल्लं बहुधा खाण्याजोगी नसतातच. तेव्हा आईला सोडायची अट घातली, की माणूस पुष्कळदा सगळंच सोडून पुढे जाईल. म्हणजे आज्ञा "घे" म्हणते खरी, पण वाट "घेऊ नको"कडे नेते.

तेराव्या शतकातले नहमनिडीस वेगळं म्हणतात. त्यांच्या मते ही आज्ञा पक्ष्यापेक्षा माणसासाठी आहे. आई आणि पिल्लं एकदम घेणाऱ्याचं काळीज निबर होतं, ते होऊ नये म्हणून.

आणि मिश्नामध्ये तर असंही आहे, की प्रार्थनेत कुणी "देवा, तुझी दया पक्ष्याच्या घरट्यापर्यंत पोचते" असं म्हणू लागला तर त्याला गप्प करावं! त्याची दोन कारणं पुढे तलमूदमध्ये दिली आहेत. एक, असं म्हटल्यानं प्राण्या-प्राण्यांत मत्सर पेरला जातो. दुसरं, देवाच्या आज्ञांना दया म्हणू नये, त्या आज्ञा आहेत म्हणून पाळाव्यात. आपल्याला हे चमत्कारिक वाटतं. पण दयेचं कौतुक करत बसण्यापेक्षा नियम पाळ, असं सांगणाऱ्या साध्वीजी मीही ऐकल्या आहेत.

या सगळ्यात माझ्या मनात घर करून बसली ती एक साधी गोष्ट. मोकळा पक्षी हाताला लागत नाही. माणूस जवळ आला की भुर्रकन उडून जातो. तो घरट्यात हाताला लागतो, कारण तो आई आहे. तिला पंख आहेत, आकाश आहे, पण अंडी सोडून उठवत नाही. म्हणजे तिला धरणारा आपल्या चपळाईनं धरत नाही. तिच्या मायेनंच तिला धरून ठेवलेलं असतं, तो फक्त हात पुढे करतो. आज्ञा तिथेच आडवी येते: ज्या मायेपायी ती उडाली नाही, त्या मायेचा फायदा घेऊन तिला धरू नकोस.

आणि या आज्ञेचं फळ दीर्घायुष्य सांगितलंय. त्यांच्या दहा आज्ञांत आई-वडिलांचा मान राखण्याचं फळही हेच सांगितलं आहे. म्हणजे पाखराच्या आईपुढे हात आवरणं आणि आपल्या आईपुढे मान लववणं, दोन्हींचं मोल एक. हे वाचताना मला त्रिशलामाता आठवल्या. आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या कल्पसूत्राच्या वाचनात ही कथा ऐकायला मिळते. भगवान महावीर गर्भात असताना आईला त्रास नको म्हणून हालचाल थांबवतात, निश्चल होतात. तर आईला वाटतं गर्भ गेला. ती शोक करू लागते. ते जाणून ते जरासे हलतात आणि ठरवतात, आई-वडील असेपर्यंत दीक्षा घ्यायची नाही. तीर्थंकर होणाऱ्या जीवानं आपलं वैराग्य आईच्या मायेपुढे थांबवलं. दर वर्षी ही कथा ऐकून आपण डोळे पुसतो. मग घरी येऊन जाळीवाल्याला म्हणतो, तुम्ही बघा काय ते.

आता या आज्ञेचं आज काय झालंय, तेही सांगायला हवं. जुन्या एका ज्यू ग्रंथात म्हटलंय, की ही आज्ञा पाळणाऱ्या निपुत्रिकाला मूल होतं. त्यामुळे आजही काही जण अंडी-पिल्लांची कसलीही गरज नसताना मुद्दाम घरटी शोधतात. आईला उडवतात, अंडी हातात उचलतात आणि परत ठेवून देतात. मूल व्हावं, घरात भरभराट व्हावी, म्हणून. यावर त्यांच्यातच दोन मतं आहेत. सतराव्या शतकातले याईर बाखराख म्हणतात, अंडी नको असली तरी घरटं समोर आलं तर आज्ञा पाळलीच पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे खतम सोफेर हे मोठे पंडित म्हणतात, गरज नसताना आईला उठवणं ही दया नाही, ते क्रौर्यच आहे.

माझं मत विचाराल तर मी खतम सोफेर यांच्या बाजूची. पण मूल होत नाही म्हणून कुणी घरट्याकडे जात असेल, तर तिला हसायचा अधिकार मला नाही. आपल्याकडे काय कमी आहे? तप करताना मनात फळाची मागणी ठेवली तर आपण त्याला निदान म्हणतो, ते शल्य आहे, काट्यासारखं रुततं, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी आयंबिल करताना सुनेला दिवस जाऊ देत, अठ्ठाई करताना मुलाला नोकरी लागू दे, असं मनात येतंच. पुण्य मिळावं म्हणून बाजारातून पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडणारेही आपल्यात आहेत. आपण दहा सोडले की पारधी आणखी वीस पकडतो, कारण गिऱ्हाईक मिळालं. इकडे आणि तिकडे दोष एकच आहे: जिवाकडे बघायच्या ऐवजी फळाकडे बघणं.

तलमूदमध्ये यावर एक काळीज हलवणारी कथा आहे. एका बापानं मुलाला सांगितलं, वर चढ आणि घरट्यातली पिल्लं आण. मुलगा चढला. त्यानं आईला आधी जाऊ दिलं, मग पिल्लं घेतली. उतरताना पडला आणि मेला. बापाचं ऐकलं आणि पक्षिणीला सोडलं, दोन्ही आज्ञांचं फळ दीर्घायुष्य, आणि त्या क्षणीच मृत्यू. असं काहीसं पाहून एलिशा बेन अबूया या विद्वानाची श्रद्धाच उडाली, असं सांगतात. त्याचा नातू रब्बी याकोव मात्र म्हणाला, दीर्घायुष्य म्हणजे या जगातलं नव्हे, पुढच्या जगातलं. फळ याच जन्मात दिसलं पाहिजे असा हट्ट नसावा, हे कर्म मानणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता माझं मुख्य म्हणणं. आपण अंडी खात नाही, घरटी लुटत नाही, म्हणून ही आज्ञा आपल्यासाठी नाही असं मला आधी वाटलं होतं. पण "मायेचा फायदा घेऊ नकोस" हा तिचा गाभा धरला, तर आपल्या घरातल्या दोन गोष्टींवर बोट येतं.

पहिली, दूध. लहानपणी आजोळी पाहिलंय, वासराला आधी गाईला लावायचे. तिला पान्हा फुटला की वासराला ओढून बाजूला बांधायचे आणि धार काढायचे. वासरू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं करायचीही रीत होती. ती त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. आता काही गोठ्यांत पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचतात. पान्हा म्हणजे मायाच. ती मायाच आपण काढून घेतो. दूध सोडा असं मी म्हणत नाही, माझाच चहा सुटलेला नाही. पण आयंबिलाच्या ओळीत नऊ दिवस दूध-दही-तूप नसतं तेव्हा आपण मजेत जगतो. मग एरवी प्रत्येक समारंभात पनीरच्या तीन भाज्या कशाला? दूध कुठल्या गोठ्यातून येतं, तिथे वासराला आचळ मिळतं का, हे विचारायला काय हरकत आहे? जयणा ही फक्त पाणी गाळण्यापुरती आणि चूल पुसण्यापुरती नाही.

दुसरी गोष्ट लिहिताना हात अडखळतो. आमच्या नात्यातल्या एका सुनेला घरात फार त्रास होता. सगळ्यांना माहीत होता. एकदा सात-आठ जणी बसलो होतो, विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, ती माहेरी निघून जाईल एक दिवस. त्यावर एक मोठ्या बाई पोळीला तूप लावता लावता म्हणाल्या, "मुलं आहेत पदरात, जाईल कुठं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याला आपल्या शास्त्रात अनुमोदन म्हणतात.

मैत्रिणींनो, घरट्यापाशी उभा असलेला माणूसही मनात हेच म्हणतो. पिल्लं आहेत, जाईल कुठं? तिला पंख नाहीत म्हणून ती सापडत नाही, तिला पिल्लं आहेत म्हणून सापडते. आणि आपल्या कितीतरी घरांत सुनेचा पगार, तिचे दागिने, तिची झोप, तिचा मान या एकाच वाक्याच्या जोरावर घेतला जातो. पाणी गाळून पिणाऱ्या घरांत. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या घरांत.

ती जुनी आज्ञा आईला "जा" म्हणते, पण पिल्लं ठेवून घेते. तिथे माझं तिच्याशी पटत नाही, सासूबाईंचं म्हणणं मला अजून खरं वाटतं. आपल्या धर्मानं आपल्याला याहून एक पाऊल पुढे जायला शिकवलं आहे. पण ते पुढचं पाऊल आपण टाकतो का? निदान त्या आज्ञेत आईकडे बघावं तरी लागतं, आपल्या हातानं तिला सोडावं लागतं. मी तर बघितलंही नाही.

गेल्या महिन्यात मी त्या सुनेला फोन केला. म्हटलं, "मुलांना घेऊन चार दिवस ये आमच्याकडे. हवं तर आठ दिवस राहा." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मुलांना घेऊन?" मी म्हटलं, "हो, मुलांना घेऊन."

आणि कबुतरांचं म्हणाल तर, यंदा जाळीचा एक कोपरा उसवला आणि फेब्रुवारीत पुन्हा त्याच जागी काड्या जमल्या. मला कळेपर्यंत दोन अंडी होती. सासूबाईंचा दमा तसाच, डॉक्टरांचं सांगणंही तेच. मी त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, "माझी खोली पुढे हलवा, मागचं दार बंद ठेवा. मी म्हातारी कुठं पळून चाललेय?" अंडी फुटायला अठरा दिवस, पिल्लं उडायला महिनाभराहून थोडं जास्त. सात आठवडे मागची बाल्कनी बंद होती. कपडे घरात दोरीवर वाळले. घरातल्यांनी कटकट केली, मीही केली. दुसरं पिल्लू उडून गेल्यावर चार दिवस वाट पाहिली, नाकाला फडकं बांधून जागा ओल्या फडक्यानं पुसली आणि त्याच दिवशी जाळी शिवून घेतली.

जाळीवाला तोच होता. या वेळी मी त्याच्या शेजारी उभी राहिले. "मागे काही नाही ना?" मी विचारलं. त्यानं सरकून मला जागा करून दिली. मी वाकून स्वतः बघितलं.

त्या आधीच्या दोन अंड्यांसाठी, आणि त्या दिवशीच्या माझ्या हसण्यासाठी, मिच्छामि दुक्कडम्.